पेडल गेले, क्लच राहिला

ऑटोमॅटिक मोटारीला क्लच नसतो, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग यांचा खर्च तिला कधी येत नाही आणि गिअरबॉक्सकडे आयुष्यभर पाहावे लागत नाही, असा समज गाडी घेणाऱ्यांत, विकणाऱ्यांत आणि काही दुरुस्ती करणाऱ्यांतही पक्का बसला आहे. हा समज चुकीचा आहे. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत क्लच असतो. पुष्कळ गाड्यांत एकाहून अधिक असतात. तो तापतो, झिजतो आणि दुर्लक्ष झाले तर जळतो. सपाट रस्त्यावर हा समज बाळगणाऱ्याचे काही वर्षे निभावून जाते. महाड-पोलादपूर भागात निभावत नाही. येथून भोरकडे जायचे तर वरंधा घाट, महाबळेश्वरकडे जायचे तर आंबेनळी, खेडकडे जायचे तर कशेडी. बोगद्यांमुळे कशेडीची चढण आता बरीचशी टळते. बाकीच्या दोन टळत नाहीत. पोलादपूर ते महाबळेश्वर या सुमारे 40 किलोमीटरमध्ये गाडी जवळपास 1,300 मीटर वर चढते. ज्यांच्या रोजच्या वाटेवर असे घाट आहेत, त्यांना आपल्या गाडीत कोणता क्लच आहे हे माहीत असलेच पाहिजे.

क्लच कशासाठी लागतो ते पाहिले की निम्मा वाद मिटतो. विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेतूनही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते चालू राहायचे तर त्याला मिनिटाला सातआठशे फेरे घ्यावेच लागतात. चाके मात्र फाटकापाशी, वळणावर, गर्दीत थांबतात. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांचा संबंध सोडवणारी आणि तो पुन्हा हळूहळू जोडणारी व्यवस्था गाडीत असावीच लागते. मॅन्युअल गाडीत हे काम डावा पाय पेडल दाबून करतो. ऑटोमॅटिकमध्ये पेडल काढले, पण काम शिल्लक राहिले. जनरल मोटर्सने 1939 मध्ये जाहीर केलेला आणि 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवलेला हायड्रा-मॅटिक हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्या पोटातही तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा आणि पट्टे होते. म्हणजे हे यंत्र जन्मले तेव्हापासून क्लच त्याच्यासोबत आहे.

पेडल नाही म्हणजे क्लच नाही, हा निष्कर्ष किती कच्चा आहे हे घरोघरच्या स्कूटरवरूनही दिसते. 2001 मध्ये आलेल्या अॅक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरला क्लचची मूठ नसते. तरी तिच्या मागच्या चाकाजवळच्या कव्हरखाली क्लच शू आणि त्यांना वेढणारी लोखंडी वाटी असते. इंजिनाचे फेरे वाढले की शू बाहेर फेकले जाऊन वाटीला चिकटतात आणि स्कूटर निघते. हे शू झिजतात आणि गॅरेजात बदलले जातात. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मोटारींतही ह्युंदाईने 2020 मध्ये व्हेन्यूत आणलेली आयएमटी पद्धत तशीच बोलकी आहे. तिच्यात गिअर हाताने टाकायचे असतात, क्लचचे पेडल मात्र नाही. गिअरच्या दांड्याला हात लागताच संवेदक ते ओळखतो आणि यंत्रणा क्लच दाबते. पेडल आणि क्लच या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

आता ऑटोमॅटिकचे प्रकार. सर्वांत स्वस्त आणि म्हणून लहान गावांत सर्वांत जास्त दिसणारा प्रकार एएमटी. 2014 मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने तो सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणला. पुढे टाटा, रेनो, ह्युंदाई यांच्या लहान गाड्यांतही तो आला. एएमटीचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो. फ्लायव्हीलला चिकटणारी कोरडी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि ती सोडवणारे रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग त्यात जसेच्या तसे आहेत. फरक इतकाच, की पायाऐवजी तेलाच्या दाबावर किंवा विजेच्या मोटरवर चालणारा अॅक्च्युएटर ते हलवतो आणि केव्हा हलवायचे हे संगणक ठरवतो. यातल्या बहुतेक गाड्यांत पार्किंगचा पी नसतो. इंजिन बंद करताना गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो. बंद गाडी गिअरमध्ये जागेवर राहते, ती मिटलेल्या क्लचमधून इंजिनाचा अडसर चाकांना मिळतो म्हणून. एएमटीला क्लच नाही असे म्हणणाऱ्याला गाडी उभी करण्याची ही पद्धतच उत्तर देते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. इनोव्हा क्रिस्टा, ब्रेझा, हॅरियर यांच्या ऑटोमॅटिकमध्ये तो आहे. येथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले बंद भांडे असते. इंजिनाकडचे पाते तेल फेकते, समोरचे पाते त्या माऱ्याने फिरते आणि मधले तिसरे पाते तेलाची दिशा वळवून सुरुवातीचा जोर वाढवते. क्लच नाही असे म्हणण्याला खरा आधार असलाच तर तो इथे आहे, कारण गाडी निघण्याचे काम बहुतांशी तेल करते. पण वेग आल्यावर तेलातली घसरण टाळण्यासाठी कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच लागतो, आणि त्यामागच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर बदलताना तेलात बुडालेले क्लचचे संच आळीपाळीने पकडतात आणि सुटतात. पोलादी चकत्या आणि घर्षणाचे अस्तर लावलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट एक. येथे सगळे संच मिळून चकत्या कितीतरी.

तिसरा प्रकार सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअर नसतात. दोन कप्प्यांमधला पोलादी पट्टा किंवा साखळी आत-बाहेर सरकून गुणोत्तर बदलते. पण गाडी निघण्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर किंवा स्वतंत्र क्लच आणि पुढे-मागे जाण्यासाठी क्लचचा संच त्यालाही लागतो. चौथा प्रकार डीसीटी, म्हणजे चक्क दोन क्लच. एक 1, 3, 5, 7 हे गिअर सांभाळतो, दुसरा 2, 4, 6. एक सुटत असतानाच दुसरा पकडतो, म्हणून गिअर बदलताना ओढ तुटत नाही. हे दोन क्लच काही गाड्यांत कोरडे असतात, काहींत तेलात बुडालेले. फोक्सवॅगन गटाच्या लहान इंजिनांमागची 7 गिअरची डीएसजी कोरड्या क्लचची. 2022 मध्ये अल्ट्रोझमध्ये आलेली टाटाची डीसीए ओल्या क्लचची. घाटात हा फरक फार मोठा ठरतो, कारण ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्याला भोवतालच्या हवेचाच आधार.

अपवाद आहेत, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. 2020 च्या जानेवारीत आलेल्या नेक्सॉन ईव्हीसारख्या विजेच्या गाडीत क्लच नाही. मोटर आणि चाके एकाच ठरलेल्या गुणोत्तराने जोडलेली असतात. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडमध्येही गाडी निघण्यासाठी क्लच नाही. तेथे दोन विद्युत मोटरी आणि ग्रहगतीचे गिअर ते काम करतात. पण सर्व हायब्रिड गाड्यांना हा नियम लावता येत नाही. होंडा सिटीच्या 2022 मध्ये आलेल्या हायब्रिडमध्ये महामार्गावरच्या वेगात इंजिन थेट चाकांना जोडणारा क्लच आहेच. क्लच नसलेली ऑटोमॅटिक मिळते. पण ऑटोमॅटिक म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या त्या अपवादात बसत नाहीत.

दुसरा दावा असा, की क्लच असला तरी संगणक तो सांभाळतो. चालवणाऱ्याने काही करायचे नाही. आंबेनळीच्या एका वळणावर हा दावा तपासता येतो. समोरून बस येते, वर चढणारी गाडी चढावर थांबते, आणि चालक ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून ती जागेवर धरतो. माणसांसह 1,500 किलो वजनाची गाडी आणि दहाला एक असा चढ धरला, तर तिला मागे ओढणारे बल सुमारे 1,470 न्यूटन होते. पहिल्या गिअरच्या एकंदर गुणोत्तरातून ते क्लचवर सुमारे 30 न्यूटन-मीटर म्हणून येते. इंजिन मिनिटाला 1,200 फेऱ्यांवर आणि क्लचची दुसरी बाजू स्थिर असेल, तर घर्षणातून पावणेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता निघते. घरातला 3 किलोवॉटचा गिझरसुद्धा इतकी उष्णता देत नाही, आणि ही सगळी तळहाताएवढ्या रुंदीच्याही नसलेल्या अस्तराच्या कड्यात साठते. एएमटीत किंवा कोरड्या डीसीटीत मिनिटभरात जळका वास येतो आणि काही गाड्यांत गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वास येत नाही. तीच उष्णता तेलात जाते आणि तेल वेळेआधी म्हातारे होते. संगणक क्लच केव्हा दाबायचा ते ठरवतो. गाडी चढावर कशाने धरायची हे चालकाचा पाय ठरवतो. म्हणून चढावर थांबताना पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक, आणि निघताना ठाम अॅक्सिलरेटर, हा नियम मॅन्युअलइतकाच ऑटोमॅटिकलाही लागू आहे. हिल होल्डची सोय असली तर ती दोनतीन सेकंदच गाडी धरते. तेवढ्यात निघायचे असते.

गर्दीचेही तसेच. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड, इंदापूर, माणगाव येथे गाड्या तासन्‌तास मुंगीच्या गतीने सरकतात. ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये उभ्या असलेल्या एएमटीचा क्लच सुटलेला असतो. तेव्हा अस्तर झिजत नाही. झीज होते ती पुढच्या गाडीच्या मागे वीतवीत सरकताना, कारण त्या वेगाला क्लच पूर्ण मिटू शकत नाही. पुढे दहापंधरा मीटर मोकळे झाल्यावर एकदा निघून एकदा थांबले, तर तेच अंतर क्लचला न जाळता कापता येते. थांबा लांबला तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने अॅक्सिलरेटर एकदम दाबण्याची सवय तर सर्व प्रकारांत घातकच.

उतारावर न्यूट्रल टाकून इंधन वाचवण्याची जुनी सवय ऑटोमॅटिकमध्येही आली आहे आणि तिचेही समर्थन केले जाते. तिने इंधन वाचत नाही, कारण आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच करते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते इंधन पीत राहते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडीची सारी उंची उष्णतेत बदलते. न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकवर पडते, ब्रेक तापून पकड सोडतात, आणि पावसाळ्याच्या धुक्यात त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. एएमटीत एम, इतर प्रकारांत एल, एस किंवा हाती गिअरची सोय वापरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावे. इंजिन रोधू शकते ते मिटलेल्या क्लचमधूनच. घाट उतरतानाही क्लच कामावर असतो तो असा.

तिसरा दावा तेलाचा. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभरासाठी भरलेले असते, ते बदलायचेच नसते, असे ठासून सांगितले जाते. अनेक मोठ्या गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा 8 वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. फोक्सवॅगन गटाच्या ओल्या क्लचच्या 6 गिअरच्या डीएसजीला 60,000 किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलणे ठरलेले आहे. गिअरबॉक्स बनवणारे स्वतः तेल बदला म्हणत असताना आयुष्यभराचा दावा टिकत नाही. ऑटोमॅटिकचे तेल वंगणापुरते नसते. तेच दाब निर्माण करते, तेच चकत्यांना थंड ठेवते, आणि पकड किती घट्ट बसावी हेही त्यातल्या रसायनांवर ठरते. उष्णतेने ती रसायने मरतात, अस्तराची भुकटी तेलात मिसळते आणि बारीक झडपा अडकू लागतात. डोंगराळ भागातला, भरल्या गाडीचा, सतत थांबत-निघत केलेला वापर बहुतेक वापर-पुस्तिकांत कठीण वापर म्हणून वेगळा नोंदलेला असतो आणि त्यासाठी मुदती कमी दिलेल्या असतात. महाड-पोलादपूरच्या गाड्या त्याच रकान्यात येतात. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच असावे. सीव्हीटीचे तेल वेगळे, साध्या ऑटोमॅटिकचे वेगळे, आणि एकाच्या जागी दुसरे भरले की पट्टा किंवा क्लच घसरतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या एएमटीत गिअरचे तेल आणि अॅक्च्युएटरचे तेल वेगवेगळे असते. दोन्हींची पातळी तपासायला हवी. विजेच्या गाडीला क्लच नाही, तरी तिच्या गिअरांना तेल आहेच.

या भागात पाण्याचाही विचार करावा लागतो. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले, आणि दारात उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी शिरले. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी वर एक छोटी नळी असते. पाणी तिच्यावर गेले की आत शिरते. तेल दुधाळ होते, चकत्यांवरचे अस्तर पाणी शोषून सुटू लागते. इंजिन एकदा सुरू केले की हे मिश्रण प्रत्येक झडपेपर्यंत पोचते. म्हणून बुडालेली ऑटोमॅटिक सुरू करू नये, न्यूट्रलमधून हलवू नये. आधी तेल काढून पाहावे. ती टोचन करून ओढणेही धोक्याचे. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती असली की आतले भाग कोरडेच घासतात. इंजिनावर फिरणारी चाके उचलून किंवा सपाट गाडीवर चढवूनच ती न्यावी. धक्का मारून सुरू करणे तर बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये शक्यच नसते. जुनी गाडी घेताना गिअरबॉक्सचे तेल एकदा काढून पाहिले, तर पुराची गोष्ट कागदपत्रांपेक्षा तेलच खरी सांगते.

क्लच जात असल्याची लक्षणे प्रकारानुसार वेगळी असतात. एएमटीत फेरे वाढतात पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, निघताना गाडी हिसके देते किंवा चढावर मागे सरकते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये डी टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, गिअर बदलताना इंजिन मध्येच ओरडते, किंवा मध्यम वेगात हलक्या अॅक्सिलरेटरला खडबडीत रस्त्यासारखी थरथर जाणवते; ती लॉकअप क्लचची तक्रार असते. डीसीटीत एक क्लच गेला तर फक्त विषम किंवा फक्त सम गिअर पडतात. एएमटीची क्लच प्लेट बदलणे मॅन्युअलसारखेच असले, तरी काम तिथे संपत नाही. नवी प्लेट कोठे पकडते हे स्कॅनर लावून संगणकाला शिकवावे लागते. ते केले नाही, तर नवे भाग घालूनही गाडी हिसके देत राहते आणि दोष चांगल्या भागांवर येतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलावे, आणि दुरुस्ती स्कॅनर व योग्य सॉफ्टवेअर असलेल्या ठिकाणीच करावी.

हे सगळे वाचून काही जण उलट टोकाला जातात: मग घाटात ऑटोमॅटिक नकोच. हेही बरोबर नाही. मॅन्युअल गाडीत पेडलवर पाय टेकवून चालवणे आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरणे या सवयींनी क्लच प्लेट फार लवकर जाते. त्यांतली पहिली ऑटोमॅटिकमध्ये शक्यच नाही. टॉर्क कन्व्हर्टरचा तेलातला क्लच वेळेवर तेल मिळाले तर सहसा गिअरबॉक्सइतकाच टिकतो, आणि घाटात निघताना त्याला मॅन्युअलपेक्षा कमी त्रास होतो. आंबेनळी-वरंध्याच्या वाटेवर नित्य जाणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टर किंवा ओल्या क्लचची डीसीटी पाहावी; एएमटी घ्यायचीच असेल तर हिल होल्ड असलेली. ऑटोमॅटिकबद्दल तक्रार नाही. तिला क्लच नाही आणि देखभाल लागत नाही, या सांगण्याबद्दल आहे.

विकणाऱ्याने ही माहिती देणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि घेणाऱ्याने ती मागणे हा त्याचा हक्क आहे. गिअरबॉक्स एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी की डीसीटी. क्लच कोरडा की ओला. तेल कोणते आणि कठीण वापरात किती किलोमीटरला. क्लचचा संच वॉरंटीत धरला आहे की झिजणारा भाग म्हणून वगळला आहे. आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे नवा क्लच संगणकाला शिकवण्याची, सोय सर्वांत जवळ कोठे, हे प्रश्न गाडी ठरवण्याआधीच विचारावेत. जुन्या गाडीसाठी यात तेल बदलल्याच्या नोंदी आणि चढावरची चाचणी यांची भर घालावी. महाडहून पाचाडकडे जाताना लागणारा चढ त्यासाठी पुरेसा आहे. या प्रश्नांना नीट उत्तरे देणारी ऑटोमॅटिक घाटात वर्षानुवर्षे भरवशाने चालते. क्लचच नाही असे उत्तर मिळाले आणि गाडी विजेची किंवा तशा हायब्रिडची नसली, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.